‘कंट्री’ विरहगीतातील निवेदक : एका अमेरिकन गीताच्या निमित्ताने

१

लोकाभिरुचीने उचलून धरलेले आणि विद्वत्तेने दूर ठेवलेले असे काही गीतप्रकार प्रत्येक समाजात असतात. अमेरिकेतील ‘कंट्री’ संगीतातील विरहगीत हा अशांपैकी एक प्रकार होय. १९२३ साली जॉर्जिया राज्यातील अटलांटा येथे फिडलवादक जॉन कार्सन याच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले आणि ग्रामीण गोऱ्या समाजाच्या संगीतालाही बाजारपेठ आहे, हे ध्वनिमुद्रिका-व्यवसायाच्या ध्यानात आले. त्यानंतर बराच काळ हे संगीत ‘हिलबिली’ या नावाने विकले जात असे. या शब्दात डोंगरवस्तीचा निर्देश आहे, त्याप्रमाणेच गावंढळपणाचा उपहासही आहे. ‘बिलबोर्ड’ या व्यवसायपत्राने १९४९ साली आपल्या क्रमवारीसाठी ‘कंट्री अँड वेस्टर्न’ ही संज्ञा स्वीकारली. नाव बदलले, परंतु या गाण्यांत अश्रू फार आणि विचार थोडा, हा आक्षेप मात्र नावाबरोबर गेला नाही.

हा आक्षेप सर्वस्वी निराधार आहे असे नाही. प्रेयसी निघून गेली, प्रियकर मद्यालयात बसला, रात्र सरता सरेना, एवढ्या सामग्रीवर शेकडो गीते उभी राहिली आणि त्यांतील बहुतेक विस्मृतीत गेली, ते योग्यच झाले. परंतु जी थोडी गीते टिकली ती का टिकली, हा प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही. टिकलेल्या गीतांत दुःख अधिक आहे म्हणून ती टिकली, हे उत्तर पुरेसे नाही; दुःखाची मात्रा न टिकलेल्या गीतांतही कमी नसते. प्रस्तुत निबंधात याचे उत्तर एका निराळ्या दिशेने शोधावयाचे आहे. विरहगीताची भावगर्भता गाणारा किती उघड करतो यापेक्षा दुःखाची हकीगत कोण सांगतो, कोणत्या अंतरावरून सांगतो आणि काय सांगावयाचे टाळतो, यांवर अवलंबून असते, हे येथील प्रतिपाद्य आहे. त्यासाठी जॉर्ज जोन्सने गायिलेले आणि १९८० साली प्रसिद्ध झालेले ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ हे गीत मुख्य उदाहरण म्हणून घेतले आहे. ‘आज त्याचे तिच्यावरील प्रेम थांबले’ असा या शीर्षकाचा सरळ अर्थ होतो. हा अर्थ किती फसवा आहे ते पुढे दिसून येईल.

२

या गीताचे घराणे शोधू गेल्यास प्रथम अटलांटिक महासागर ओलांडावा लागतो. इंग्लंड व स्कॉटलंडमधील कथागीतांचा संग्रह फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या हार्वर्डच्या प्राध्यापकाने १८८२ ते १८९८ या काळात प्रसिद्ध केला. त्यात ३०५ कथागीतांचे पाठ आहेत. त्यांतील ८४ व्या क्रमांकाचे ‘बार्बरा ॲलन’ हे गीत प्रेमभंगाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे होय. लंडनचा दैनंदिनीकार सॅम्युएल पीप्स याने २ जानेवारी १६६६ च्या नोंदीत या गीताचा उल्लेख केला आहे, यावरून त्याचे वय ध्यानात येते. पुढे सेसिल शार्प याने मॉड कार्पेलिस हिच्यासमवेत १९१६ ते १९१८ या वर्षांत ॲपलाचियन पर्वतातील वस्त्यांमध्ये हिंडून लोकगीते गोळा केली. त्या वेळी हे जुने गीत तेथे घरोघर गायिले जात असल्याचे त्यांना आढळले. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ब्रॅडली किंकेड याने शिकागोच्या नभोवाणी केंद्रावरून ते गाऊन लोकप्रिय केले. मौखिक परंपरेतील कथागीत नव्या यंत्रयुगात शिरले, ते असे.

‘बार्बरा ॲलन’चे कथानक थोडक्यात असे आहे. एक तरुण प्रेमव्याधीने मरणासन्न झालेला आहे. तो तिला बोलावणे पाठवितो. ती सावकाश येते, त्याच्याकडे पाहते आणि तो मरणार एवढेच कोरडेपणाने म्हणते. परतीच्या वाटेवर तिला त्याच्या मृत्यूच्या घंटा ऐकू येतात. तिचे मन पालटते आणि तीही मरते. अनेक पाठांत दोघांच्या थडग्यांवर उगवलेले गुलाब आणि काटेरी झुडूप एकमेकांत गुंततात.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की कथा सांगणारा कोण हे गीतात कळत नाही. तो कुणाची कीव करीत नाही अथवा कुणाला दोष देत नाही; पात्रांचे संवाद आणि कृती एवढेच तो पुढे ठेवतो. दुसरी गोष्ट अशी, की जिवंतपणी जे मीलन झाले नाही ते गीत शेवटी वेलींच्या रूपाने घडवून आणते. ऐकणाराला दुःखाबरोबर सांत्वनही मिळते. पुढील काळात या दोन्ही गोष्टींत जे फेरबदल झाले, त्यांतच कंट्री विरहगीताचा इतिहास सामावलेला आहे.

३

पहिला मोठा बदल निवेदकाच्या स्थानात झाला. १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी राल्फ पीअर याने व्हिक्टर कंपनीसाठी ध्वनिमुद्रणे केली. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांची पहिली ध्वनिमुद्रणे तेथेच झाली. कार्टर कुटुंबाने जुन्या गीतांचा साठा जपला. रॉजर्सने मात्र ‘मी’ला पुढे आणले. तो रेल्वेतील कामगार होता, क्षयाने ग्रासलेला होता आणि १९३३ साली वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारला. त्याच्या गाण्यांतील प्रथमपुरुषी सूर बऱ्याच अंशी कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लूज’ गायनातून आलेला आहे. ध्वनिमुद्रिका-कंपन्या गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या संगीताच्या याद्या निरनिराळ्या ठेवीत असत; परंतु गाणाऱ्यांच्या कानांनी ही भिंत कधीच मानली नाही. हँक विल्यम्सला बालपणी संगीताचे धडे मिळाले ते अलाबामातील रुफस पेन या रस्त्यावर गाणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंताकडून, ही गोष्टही या संदर्भात विसरता येत नाही.

याच सुमारास ऐकण्याचे स्थळही बदलले. १९३३ अखेर अमेरिकेतील दारूबंदी उठली आणि टेक्सासच्या तेलक्षेत्रांत ‘हाँकी-टाँक’ नावाने ओळखली जाणारी मद्यालये वाढली. तेथे नाणे टाकले की वाजणारी ध्वनिमुद्रिकायंत्रे आली. गोंगाटात ऐकू जावे म्हणून वाद्यांना वीज जोडली गेली. हवाई बेटांतून आलेली स्टील गिटार या संगीताचा जणू दुसरा कंठ बनली. तारेवरून धातूची पट्टी सरकवून स्वरांमधील अंतर अखंड घसरत जाणारी ही वाद्यरीती महाराष्ट्रातील श्रोत्यांना अगदीच अनोळखी नाही; मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिप्ली यांच्यासारख्या वादकांनी परिचित केलेली हवाईयन गिटार याच कुळातली होय. घरच्या ओट्यावर सर्वांनी मिळून ऐकावयाचे कथागीत मागे पडले आणि परगावी मजुरीला आलेल्या एकट्या माणसाने रात्री ऐकावयाचे ‘मी’चे गीत पुढे आले.

या प्रथमपुरुषी परंपरेचा उत्कर्ष हँक विल्यम्सच्या (१९२३–१९५३) गीतांत दिसतो. ‘युअर चीटिन हार्ट’ हे गीत त्याने सप्टेंबर १९५२ मध्ये, आपल्या अखेरच्या ध्वनिमुद्रणप्रसंगी, गायिले. १ जानेवारी १९५३ रोजी प्रवासात मोटारीतच त्याचा मृत्यू झाला तेव्हा तो अवघा एकोणतीस वर्षांचा होता. पत्नी ऑड्रीपासून त्याचा घटस्फोट १९५२ मध्येच झालेला असल्यामुळे या गीताकडे आत्मचरित्राचा तुकडा म्हणून पाहण्याचा प्रघात पडला. तथापि त्याचे अधिक खोल गीत १९४९ सालचे ‘आय अ‍ॅम सो लोन्सम आय कुड क्राय’ हे होय. त्यात प्रेमभंगाची हकीगत जवळजवळ नाहीच. रात्रीचे पक्षी, दूरची आगगाडी, निखळणारा तारा अशी दृश्ये एकामागून एक येतात. ती का गेली, अपराध कुणाचा, हे सांगण्याचे गीत टाळते. शीर्षकातही रडणे हे घडलेले नाही; ते केवळ शक्यतेच्या रूपात आहे. प्रथमपुरुषी निवेदनातही भावनेला खोली आली, ती ‘मी’ने स्वतःविषयी कमी बोलावयाचे ठरविले म्हणून.

४

‘मी’च्या गाण्याला दोन बाजूंनी मर्यादा पडू लागल्या. पहिली मर्यादा नैतिक होती. पुरुष गाणार आणि दोष स्त्रीवर जाणार, असा एक साचा तयार झाला. १९५२ साली हँक थॉम्पसनच्या ‘द वाइल्ड साइड ऑफ लाइफ’ या गीतात असाच दोषारोप होता. त्याच वर्षी जे. डी. मिलरने लिहिलेल्या आणि किटी वेल्सने गायिलेल्या ‘इट वॉजन्ट गॉड हू मेड हाँकी टाँक एंजल्स’ या गीताने त्याला स्त्रीच्या बाजूने उत्तर दिले. ‘बिलबोर्ड’च्या कंट्री क्रमवारीत एकल गायिकेचे गीत प्रथम स्थानी जाण्याची ती पहिली वेळ होती. गेलेल्या स्त्रीलाही सांगावयाचे काही असते, ही जाणीव त्यानंतर या परंपरेला पुसून टाकता आली नाही.

दुसरी मर्यादा कलात्मक होती. आपले दुःख आपणच सांगणारा माणूस लवकरच श्रोत्याला थकवितो. या अडचणीतून गीतकारांनी काढलेली एक वाट म्हणजे भावनेऐवजी वस्तूंची नावे घेणे. हँक कॉक्रनने रचलेले आणि पॅट्सी क्लाइनने गायिलेले ‘शीज गॉट यू’ हे गीत १९६२ साली कंट्री क्रमवारीत अग्रस्थानी होते. छायाचित्र, ध्वनिमुद्रिका, अंगठी अशा खुणा गाणारीजवळ उरलेल्या आहेत आणि तो स्वतः मात्र दुसरीकडे आहे. या जिनसांची ती एखाद्या हिशेबनिसाच्या शांतपणे मोजदाद करते आणि त्या मोजदादीतच तिचे दारिद्र्य उघडे पडते.

जॉर्ज जोन्सने १९७४ साली गायिलेले ‘द ग्रँड टूर’ हे याच वाटेवरील पुढचे पाऊल होय. येथे गाणारा एखाद्या ऐतिहासिक वाड्याचा वाटाड्या असावा त्याप्रमाणे आगंतुकाला आपले घर दाखवीत हिंडतो. प्रत्येक खोलीत काही वस्तू आहेत आणि माणूस नाही. हिंडणे संपते ते मुलाच्या खोलीपाशी; पत्नी जाताना मूलही गेले, हे तेव्हा कळते. ‘मी’ येथे अजून आहे. परंतु त्याने वाटाड्याचा मुखवटा धारण केलेला आहे. तो दुःखाबद्दल बोलत नाही, केवळ दाखवितो. १९८० चे गीत येथून एकच पाऊल पुढे आहे. तेथे गाणाऱ्याने ‘मी’ला दुःखाच्या केंद्रस्थानातूनच बाजूला सारले आहे.

५

‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ या गीताचे कर्ते बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पटमन हे दोघे आणि निर्माता बिली शेरिल होय. आरंभीच्या पाठाने शेरिलचे समाधान झाले नव्हते. त्याने गीतकारांकडून पुनःपुन्हा फेरलेखन करून घेतले आणि ती स्त्री अखेरीस येते हा प्रसंग त्याच्या आग्रहामुळे गीतात आला, असे या गीताच्या इतिहासात नमूद आहे. जोन्सला स्वतःला गीत आवडले नव्हते. ते फार उदासवाणे आहे, कुणी विकत घेणार नाही, असे त्याचे मत होते. तो काळ त्याच्या आयुष्यातील अत्यंत पडता काळ होता. मद्यासक्ती पराकोटीस गेली होती, १९७८ साली दिवाळखोरी पत्करावी लागली होती आणि जाहीर कार्यक्रमांना गैरहजर राहण्याबद्दल त्याची अपकीर्ती झाली होती. गीताच्या मध्यभागी जो भाग गावयाचा नसून बोलावयाचा आहे, तो त्याला नीट म्हणता येईना. चाल ओठांवर आली की जिभेचे जडत्व जाते आणि साधे बोलताना मात्र ते उघडे पडते, हे त्याचे कारण. गीताच्या पहिल्या कडव्यापासून या बोललेल्या भागापर्यंत सुमारे अठरा महिने गेले, असे शेरिलचे सांगणे आहे.

एप्रिल १९८० मध्ये गीत प्रसिद्ध झाले आणि जुलैमध्ये ‘बिलबोर्ड’च्या कंट्री क्रमवारीत प्रथम स्थानी आले. पाच वर्षांहून अधिक काळानंतर जोन्सच्या एकल गीताला हे स्थान मिळत होते. कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातील उत्कृष्ट गीताचा पुरस्कार त्याला १९८० आणि १९८१ अशी सलग दोन वर्षे मिळाला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-नोंदवहीच्या २००८ च्या यादीत त्याचा समावेश केला. चार दशकांची आपली कारकीर्द तीन मिनिटांच्या एका गीताने तारली, अशा आशयाची कबुली जोन्सने १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात दिली आहे.

आता गीताच्या रचनेकडे वळावे. आरंभ संवादाने होतो : मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन, असे त्याने म्हटले, काळ गेला की विसरशील, असे ती म्हणाली. जुन्या कथागीतांचीच ही पद्धती आहे. वर्षे गेली. भिंतीवर तिचे चित्र राहिले. बिछान्याजवळ १९६२ सालची पत्रे राहिली. त्यांत जेथे जेथे प्रेमाचा उच्चार होता, तेथे तेथे त्याने तांबड्या रेघा ओढलेल्या होत्या. ती परत येईल ही आशाही राहिली. मग निवेदक सांगतो, की आज तो त्याला भेटावयास गेला होता. मित्राच्या डोळ्यांत अश्रू नव्हते. जावयास निघाल्याप्रमाणे त्याने चांगला पोशाख केला होता. कित्येक वर्षांत प्रथमच त्याच्या मुखावर हास्य होते.

श्रोता या क्षणी अशी समजूत करून घेतो, की हा माणूस अखेर सावरला. अश्रू नसणे, नीटनेटका वेष आणि हास्य ही बरे झालेल्या माणसाची लक्षणे होत. शीर्षकाचा सरळ अर्थही त्याच समजुतीला दुजोरा देतो. त्यानंतर ध्रुवपदात दारावर पुष्पचक्र लागते. पाश्चात्य रिवाजानुसार ते घरातील मृत्यूचे चिन्ह आहे. तेव्हा उलगडा होतो, की वर्णिलेल्या तिन्ही खुणा शवाच्या होत्या. सावरण्याची आणि मरणाची लक्षणे एकच ठरतात. कारण या माणसाला सावरण्याचा दुसरा मार्गच उपलब्ध नव्हता. त्याने दिलेले वचन अक्षरशः पाळले गेले आहे. निवेदकाने मात्र ‘मेला’ असे म्हटलेले नाही. ‘प्रेम थांबले’ असे म्हटले आहे. मृत्यूचे वर्णन प्रेमाच्या भाषेत करावयाचे आणि मृत्यू हा शब्द टाळावयाचा, एवढ्या एका निवडीवर हे सारे गीत तोललेले आहे.

६

येथे संस्कृत साहित्यशास्त्रातील एक भेद उपयोगी पडतो. परक्या भाषेतील लोकप्रिय गीताला भरताची परिभाषा लावणे काहींना विचित्र वाटेल. परंतु या भेदाने गीताचा जो पैलू उजळतो तो अन्य परिभाषेने तितकासा उजळत नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात करुण आणि विप्रलंभ यांतील अंतर स्पष्ट केले आहे. दोहोंतही दुःख, चिंता, ग्लानी असतात. मग फरक कशात? विप्रलंभ हा सापेक्ष आहे, त्यात पुनर्मीलनाची अपेक्षा शिल्लक असते. करुण हा निरपेक्ष आहे, त्यात अशी अपेक्षाच उरलेली नसते.

प्रस्तुत गीताचा पूर्वार्ध निखळ विप्रलंभाचा आहे. चित्र, पत्रे, तांबड्या रेघा ही सारी अपेक्षेची साधने आहेत. पुष्पचक्राचा उल्लेख येताच एका क्षणात भूमी बदलते आणि विप्रलंभाचे पर्यवसान करुणात होते. परंतु गीताचे वैशिष्ट्य याच्याही पुढे आहे. करुणाच्या नेहमीच्या रचनेत प्रिय व्यक्ती, म्हणजे आलंबन, नाहीशी होते आणि शोक करणारा, म्हणजे भावाचा आश्रय, मागे उरतो. येथे नेमके उलटे घडले आहे. आश्रय नाहीसा झाला आहे आणि आलंबन दारात येऊन उभे राहिले आहे. बोलून म्हणावयाच्या भागात ती स्त्री त्याला अखेरचे पाहण्यासाठी येते. अठरा वर्षे ज्याची अपेक्षा केली ते घडले. परंतु अपेक्षा करणारा आता नाही. अपेक्षा पुरी होणे आणि ती सर्वस्वी निरर्थक होणे या दोन गोष्टी एकाच क्षणी येतात.

मग हा शोक कुणाचा? येथे निवेदकाकडे परत यावे लागते. भेटीच्या वर्णनात निवेदकाने ‘मी’ म्हटले होते; तेथे तो केवळ साक्षीदार होता. अश्रू नव्हते हे सांगताना त्याने ग्रामीण बोलीतला दुहेरी नकार वापरला आहे. व्याकरणपुस्तक ज्याला चूक म्हणेल, त्यानेच हा शेजारचाच कुणी आहे हे कळते. ती येईल की नाही याविषयी बोलताना मात्र तो ‘आम्ही सर्व’ असे म्हणतो. म्हणजे सारा गाव इतकी वर्षे पाहत होता, जाणत होता आणि काही करू शकत नव्हता. शोकाचा आश्रय हा समुदाय आहे. जुन्या कथागीतातील अनाम सामुदायिक कंठ, जो हाँकी-टाँकच्या काळात एकट्या ‘मी’मध्ये विरून गेला होता, तो येथे ‘आम्ही’च्या रूपाने परत आलेला आहे.

‘बार्बरा ॲलन’शी तुलना केल्यास हे परत येणे किती बदललेल्या रूपात आहे तेही कळते. दोन्ही गीतांत प्रेमाने मरणारा पुरुष आहे आणि उशिरा येणारी स्त्री आहे. परंतु जुन्या गीतातील स्त्रीचा पश्चात्ताप गीतकाराने सांगितला. तिला मृत्यू दिला आणि थडग्यांवर वेली गुंतविल्या. १९८० च्या गीतातील स्त्री येते एवढेच सांगितले आहे. तिला दुःख झाले की नाही, ती का गेली होती, मधल्या काळात ती कोठे होती, यांविषयी निवेदक मौन पाळतो. तो तिला दोषही देत नाही. किटी वेल्सच्या उत्तरानंतर अशा स्त्रीवर दोषारोप करणे तितके सोपे राहिले नव्हते, असे म्हणावयास हरकत नाही. वेलींचे सांत्वन येथे नाही. तिच्या येण्याने निवेदकाच्या मनात एकच विचार येतो, की या खेपेस तरी तो तिला कायमचा विसरला. या वाक्यात उपरोध आहे आणि मायाही आहे. ती एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत.

७

या गीताविषयी सर्वांत प्रचलित असलेला समज असा, की जोन्स त्यात स्वतःचेच दुःख गात होता. गायिका टॅमी वायनेट हिच्याशी त्याचा विवाह १९६९ साली झाला आणि १९७५ साली घटस्फोट झाला. तेव्हा गीतातील ‘ती’ म्हणजे टॅमी, असे समीकरण श्रोत्यांनी मांडले. पूर्वीच्या ‘द ग्रँड टूर’बाबतही असेच समीकरण मांडले गेले होते. परंतु वस्तुस्थिती निराळी आहे. दोन्ही गीते इतरांनी रचलेली आहेत. ‘द ग्रँड टूर’ तर घटस्फोटापूर्वीच प्रसिद्ध झाले होते आणि त्याच्या तीन कर्त्यांपैकी जॉर्ज रिची याच्याशीच टॅमीने पुढे १९७८ साली विवाह केला. १९८० च्या गीतातील पत्रे १९६२ सालची आहेत. ती जोन्सच्या चरित्राशी जुळत नाहीत. शिवाय गायकाला गीत नापसंत होते. ज्याला स्वतःची व्यथा ओतावयाची असते, तो त्या संधीपासून दूर पळत नाही.

तरीही जोन्सच्या आयुष्याचा या गाण्याशी काहीच संबंध नाही, असे म्हणणे दुसऱ्या टोकाला जाणे होईल. हा संबंध आशयाचा नसून गायनाचा आहे. बोलताना जड होणारी जीभ, शब्दाच्या मध्यावर दबणारा आणि मग उघडणारा त्याचा स्वर, हे त्याच्या देहाचे सत्य होते. गीताने ते दुसऱ्याच्या कथेसाठी वापरून घेतले. बोललेल्या भागाच्या वेळी वाद्यमेळ मागे सरतो आणि मिली किर्कहॅम या गायिकेचा शब्दहीन उंच स्वर तेवढा पार्श्वभूमीला राहतो. जोन्स तेथे रडत नाही, आवाज कापवीत नाही. बातमी सांगावी तसा सांगतो. ऐकणाऱ्याला मात्र हा माणूस दुसऱ्याविषयी बोलत आहे की स्वतःविषयी, याचा निर्णय होत नाही. हा अनिर्णय गीताचा दोष नसून त्याचे बळ आहे. तृतीयपुरुषी निवेदनामुळे गायकाला आडोसा मिळाला आणि तो आडोसा मिळाल्यामुळेच प्रथमपुरुषी गाण्यात जे बेसूर झाले असते ते सुरात लागले.

अतिभावुकतेच्या आक्षेपाचेही उत्तर येथे मिळते. मृत्यू, पत्रे, पुष्पचक्र, तंतुवाद्यांचा चढता मेळ ही सामग्री अतिभावुकतेचीच आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु अतिभावुकता सामग्रीत नसते. भावना श्रोत्यावर लादण्यासाठी निवेदक जेव्हा स्वतः पुढे येतो तेव्हा ती निर्माण होते. येथे निवेदक प्रत्येक निर्णायक जागी मागे सरतो. त्या माणसाची निष्ठा थोर होती की ते एका आयुष्याचे मातेरे होते, हेही तो ठरवून देत नाही. निष्ठा म्हटले तर तांबड्या रेघा दिसतात. मातेरे म्हटले तर तेच दिसते. याच प्रश्नाने गीताचे श्रोते अस्वस्थ होतात आणि म्हणूनच ते पुन्हा ऐकतात.

८

या विवेचनातून निष्पन्न होणारा इतिहास एका रेषेत पुढे जाणारा नाही. कथागीतातील अनाम निवेदक, रॉजर्स व विल्यम्स यांचा ‘मी’, क्लाइनच्या गीतातील जिनसांची मोजदाद, ‘ग्रँड टूर’मधील वाटाड्या आणि अखेर शेजाऱ्याचा ‘आम्ही’, असा हा वळणावळणाचा प्रवास आहे. प्रत्येक टप्प्यावर व्यवसायाची गरजही होती : ध्वनिमुद्रिका, नभोवाणी, मद्यालयातील यंत्र, निर्मात्याचा आग्रह. बाजाराने लोकगीताचा ऱ्हास केला, हे विधान सरसकट करता येत नाही, हेही यावरून दिसते. ती स्त्री अखेरीस दारात यावी, ही मागणी एका व्यावसायिक निर्मात्याची होती. आणि तिच्यावाचून हे गीत केवळ एका मृत्यूची वार्ता होऊन राहिले असते.

२६ एप्रिल २०१३ रोजी जॉर्ज जोन्सचे नॅशव्हिल येथे निधन झाले. २ मे रोजी तेथील ग्रँड ओल ऑप्रीच्या सभागृहात झालेल्या अंत्यविधीत ॲलन जॅक्सन या गायकाने हेच गीत म्हटले. ज्या गीतात एक मित्र दुसऱ्या मित्राच्या शवाजवळ उभा राहून त्याची हकीगत सांगतो, ते गीत एका गायकाने दुसऱ्याच्या शवपेटीजवळ उभे राहून गायिले. तेहतीस वर्षांपूर्वी जोन्सने घेतलेली निवेदकाची जागा त्या दिवशी दुसऱ्याने घेतली आणि जोन्स स्वतः गीतातील ‘तो’ झाला.